‘फक्त २ शिल्लक’ हे खरं असेल तेव्हाच लिही

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई दांडिया बाजारात घरूनच कपडे भाड्याने देतो. नवरात्रात चणियाचोळी आणि केडियुं, लग्नसराईत शिवलेली नऊवारी, शेले, फेटे. आजवर गिऱ्हाईक ओळखीतून नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर यायचं. आता वेबसाइट करून घेतोय. करून देणारा मुलगा दिरांच्या ओळखीतला, हुशार आहे. त्याने एक तयार नमुना दाखवला. प्रत्येक कपड्याखाली ‘फक्त २ शिल्लक’, ‘३४ जण आत्ता हे पाहत आहेत’, दहा मिनिटांचा उलटा टायमर, २,९९९ वर काट मारून ९९९, वरच्या कोपऱ्यात ‘१०० टक्के विश्वासार्ह’ असा शिक्का आणि खाली तयार फाइव्ह स्टार रिव्ह्यू. ड्रायक्लीनिंगचे पैसे शेवटच्या पानावर जोडू म्हणतो. त्याचं म्हणणं, सगळे हेच करतात आणि याने धंदा वाढतो. जाऊबाईंना पटलंय. माझं मन घेत नाही, पण मी स्वतः अशाच पाट्या बघून कितीतरी वेळा घाईने खरेदी केली आहे, त्यामुळे काय बोलावं कळत नाही. हे खरंच चालतं का? चालत असेल तर नाही म्हणणं मूर्खपणाचं ठरेल का? आणि जाऊबाईंना न दुखावता कसं सांगू?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : चालतं. हे आधीच सांगते, कारण ‘अशा युक्त्यांनी काही होत नाही’ असं जाऊबाईंना म्हणायला गेलीस तर पहिल्याच महिन्यात खोटी पडशील. त्या मुलाला त्याचं काम येतं. आणि तू अशा पाट्या बघून घाई केलीस, यात लाजण्यासारखंही काही नाही. सगळ्यांचंच मन असं चालतं.

१९७५ साली अमेरिकेत स्टीफन वॉर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्किटांवर एक प्रयोग केला होता. काही जणांसमोर दहा बिस्किटांची बरणी ठेवली, काहींसमोर दोनच बिस्किटांची. बिस्किटं तीच. तरी दोनातली लोकांना जास्त हवीशी वाटली आणि जास्त महागही वाटली. काही जणांना आधी दहाची बरणी दाखवून मग ती काढून दोनची दिली. इतरांची मागणी खूप आहे म्हणून कमी झाली, असं ज्यांना कळलं त्यांना ती सगळ्यांत जास्त हवीशी झाली. तुझ्या नमुन्यातल्या ‘२ शिल्लक’ आणि ‘३४ जण पाहत आहेत’ या दोन ओळी या एकाच प्रयोगातून काढल्यासारख्या आहेत. पण त्याचा उरलेला भाग फारसा कोणी सांगत नाही. चवीबद्दल विचारलं तेव्हा दोनातलं बिस्किट दहातल्यापेक्षा चवदार ठरलं नाही. ओढ वाढली, चव होती तीच राहिली.

तुझ्या धंद्यात याला फार महत्त्व आहे. बिस्किट विकणाऱ्याचा गिऱ्हाइकाशी संबंध पैसे घेतले की संपतो. तुझा तिथे सुरू होतो. ती मुलगी चणियाचोळी घरी नेते, रात्री तीन तास त्यात गरबा खेळते आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात उभी राहते. कंबर घट्ट निघाली, घेर पायात आला, रंग फोटोतल्यापेक्षा फिका निघाला, यातलं जे काही झालं असेल ते ती तुझ्या उंबऱ्यावरच बोलणार. घाईने बुक केलेल्या कपड्यात हे जास्त होतं, कारण घाईत कोणी माप वाचत नाही.

आणि विश्वास इथे एकट्या गिऱ्हाइकाने ठेवायचा नसतो. अनोळखी मुलीच्या हातात तू हजारोंचा कपडा देतेस, ती तुझ्याकडे डिपॉझिट ठेवते. उद्या कपडा परत घेताना तू म्हणशील, ‘हा डाग आधी नव्हता, डिपॉझिटमधून तीनशे कापावे लागतील.’ त्या क्षणी तिने तुझा शब्द का मानावा? तुझ्या पानावरचा टायमर शून्यावर गेला आणि पान पुन्हा उघडल्यावर परत दहा मिनिटांवर आला, हे जिने पाहिलंय ती तुझा डागही टायमरसारखाच धरणार. मग वाद, आवाज चढणं आणि शेवटी तूच पदरचे तीनशे सोडून देणं. टायमरने आणलेली दोन बुकिंग एका अशा भांडणात वाया जातात.

याहून मोठं नुकसान नवरात्रात होईल. तुझ्या धंद्याला वर्षातून एकदा अशी वेळ येते जेव्हा टंचाई खरोखरची असते. नवरात्राच्या रात्री नऊच, कपाटातले कपडे तेवढेच, आणि शनिवार-रविवारी नि अष्टमीला प्रत्येकीला भारीतलाच हवा. त्या आठवड्यात ‘अष्टमीसाठी हा एकच उरलाय’ हे तुझं सगळ्यांत जोरकस वाक्य असतं, कारण ते खरं असतं. जून महिन्यात कपाट गच्च भरलेलं असताना तेच वाक्य सगळ्या कपड्यांखाली लावलंस, तर गिऱ्हाइकाला ते न वाचण्याची सवय लागेल. मग ऑक्टोबरात ती म्हणेल, ‘यांचं नेहमीचंच आहे, दोन दिवसांनी बघू.’ दोन दिवसांनी कपडा गेलेला असेल. तुझं बुकिंग बुडेल, वर तीच तुझ्यावर रागावेल. रावपुरा, दांडिया बाजार, शियापुरा, या सगळ्या भागांत बायका अजून एकमेकींना विचारून कपडे घेतात. अशी गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

आता त्या ‘३४ जणांविषयी’. स्टॅन्ली मिल्ग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवर माणसं उभी करून समोरच्या इमारतीतल्या सहाव्या मजल्यावरच्या एका खिडकीकडे बघायला लावलं होतं. हा अभ्यास १९६९ साली छापून आला. एकच माणूस वर बघत होता तेव्हा जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी शेकडा ४ जण थांबले. पंधरा जण बघत होते तेव्हा शेकडा ४०. मंगळ बाजारात गर्दी असलेल्याच दुकानात आपले पाय वळतात ते याच कारणाने, आणि ती खोड वाईट मुळीच नाही. वीस बायका एका दुकानात उभ्या असतील तर कापड हातात घेऊन, भाव विचारूनच त्या थांबल्या असणार, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो. इतरांच्या अनुभवावर विसंबायची ही सवय माणसाच्या फार उपयोगाची आहे. खोटे ३४ लिहिणारा नेमक्या त्या सवयीवर हात मारतो, म्हणून मला त्याचा राग येतो. तुझ्याकडे खरा आकडा आहे ना! बुकिंगची वही काढ आणि लिही, ‘गेल्या नवरात्रात ही चणियाचोळी सहा वेळा गेली.’ सोबत हेही लिही की सहा वेळा गेल्यामुळे खालच्या काठाचे दोन आभले नवे लावले आहेत.

काट मारलेल्या २,९९९ विषयी थोडं जास्त सांगते, कारण इथे त्या मुलाच्या कल्पनेतला अर्धा भाग घेण्यासारखा आहे. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७४ साली लिहिलेल्या एका लेखात आकड्यांचं चाक फिरवण्याचा प्रयोग आहे. चाक असं बनवलं होतं की ते १० वर नाहीतर ६५ वरच थांबे. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रांतले शेकडा किती देश आफ्रिकेतले? ज्यांच्यासमोर १० आला त्यांचा मधला अंदाज २५ निघाला, ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. चाकाचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता, तरी आधी कानावर पडलेल्या आकड्याने अंदाज खेचला. म्हणजे किंमत सांगण्याआधी एक आकडा दिसावा, हे त्या मुलाचं बरोबर आहे. फक्त तो आकडा खरा असू दे. तू ती चणियाचोळी साडेसहा हजारांना घेतली असशील तर तसंच लिही : ‘विकत घ्यायला ६,५००, एका रात्रीचं भाडं ९००, डिपॉझिट २,०००.’ वाचणारीला भाडं स्वस्त वाटतं आणि दोन हजार डिपॉझिट का, हेही न विचारता कळतं. कोणी बिल मागितलं तर तुझ्याकडे दाखवायला आहे.

ड्रायक्लीनिंगचे पैसे शेवटच्या पानावर मात्र अजिबात नको. इथे आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही. अशा फसव्या मांडणीला ‘डार्क पॅटर्न’ हे नाव हॅरी ब्रिग्नल या इंग्लंडमधल्या डिझायनरने २०१० साली दिलं, आणि आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला त्याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात तेरा प्रकार नावानिशी दिलेत. माल आहे त्याहून कमी आहे असं भासवणं, खोटी लोकप्रियता दाखवणं, पूर्ण किंमत आधी न सांगता टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं, गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू त्याच्या बिलात सरकवणं, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण ठेवणं, हे सगळं त्यात येतं. तत्त्वं मोठ्या कंपन्यांपुरती नाहीत, विक्रेते आणि जाहिरातदारही त्यात धरलेत. तुझ्या नमुन्यातल्या निदान तीन गोष्टी थेट त्या यादीतल्या आहेत. कोणी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर उत्तर तुम्हा दोघींना द्यावं लागेल, नमुना बनवणाऱ्याला नाही. ‘सगळे हेच करतात’ या वाक्याला जाऊबाईंसमोर ठेवायला हे उत्तर पुरेसं आहे.

रिव्ह्यूंचा मोह मला कळतो. मायकल लुका या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरातल्या हॉटेलांच्या कमाईची येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरच्या तारकांशी तुलना केली होती. एक तारा वाढला की कमाई शेकडा ५ ते ९ वाढत होती. पण फक्त एकेकट्या मालकांच्या हॉटेलांची, साखळी हॉटेलांची नाही. साखळीत काय मिळतं ते लोकांना आधीच माहीत असतं. अनोळखी जागेला मात्र लोक ताऱ्यांवरूनच जोखतात. दांडिया बाजारात तुम्हाला ओळखणारे पुष्कळ असतील, पण अलकापुरीतून किंवा आणंदहून फोनवर बघणाऱ्या मुलीला तुम्ही अनोळखीच. म्हणून रिव्ह्यू हवेतच, आणि म्हणूनच ते विकत घेतलेले नकोत. भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं ते याच रोगावर. तयार रिव्ह्यू ओळखूही येतात. सगळ्यांची भाषा एकसारखी, तक्रार एकीचीही नाही, आणि कपड्याचं नाव काढून तिथे मिक्सर लिहिला तरी चालेल असं वाक्य. जिने खरंच घातलाय ती लिहिते, ‘चोळीची नाडी मागे बांधायला कोणीतरी लागतं.’ असं एक वाक्य पंचवीस तयार रिव्ह्यूंना भारी आहे.

कपडा परत घ्यायच्या वेळी, डिपॉझिट परत दिल्यावर, रिव्ह्यू माग. डिपॉझिट देण्याआधी नको, तेव्हा ती मोकळेपणाने लिहू शकणार नाही. चांगलं लिहिलं तर सूट, असंही करू नकोस. कोणी तक्रार लिहिली तर ती पुसू नकोस, खाली उत्तर दे : ‘बरोबर आहे, घागरा उंच मुलींना आखूड होतो. आता पानावर उंची लिहिली आहे.’ हे वाचून पुढची उंच मुलगी तो घागरा घेणार नाही, आणि पाच फुटांची मुलगी निर्धास्तपणे घेईल. दोन्ही तुझ्या फायद्याचं.

‘१०० टक्के विश्वासार्ह’ हा शिक्का तर काढच. खुणेवर विश्वास ठेवायची आपली सवय जुनी आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांचं कापड हिंदुस्थानात यायचं तेव्हा ताग्यांवर रंगीत लेबलं असत. देवदेवता, हत्ती, वाघ, राजे. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्रावरून माल ओळखे. लगोलग नकला करणारेही आले. व्यापारचिन्हांच्या नकलांविरुद्ध १८८९ साली कायदा करावा लागला आणि पुढे १९४० साली स्वतंत्र ट्रेडमार्क कायदा आला. पण त्या लेबलामागे निदान एक पेढी उभी होती. माल खराब निघाला की तेच चित्र गिऱ्हाईक पुढच्या वेळी टाळू शकत होतं. तुझ्या नमुन्यातल्या शिक्क्यामागे कोण आहे? कोणीच नाही. ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचंही असंच झालं. कुलपाचा अर्थ एवढाच होता की तुमच्या आणि वेबसाइटच्या मधे कोणी ऐकत नाहीये. लोक समजले, वेबसाइट भरवशाची आहे. फसवणाऱ्या वेबसाइटही ते कुलूप सहज मिळवू लागल्या, तेव्हा २०२३ साली गूगलने क्रोममधून कुलपाचं चित्रच काढून टाकलं.

शिक्क्याच्या जागी तुम्हा दोघींचा फोटो लाव. पूर्ण पत्ता, कपडे बघायला यायची वेळ, फोन नंबर आणि फोन कोण उचलेल ते. डिपॉझिटचे नियम मराठीत आणि गुजरातीत, आकड्यांसह : आभला निखळला तर किती, तेलाचा डाग पडला तर किती, एक दिवस उशीर झाला तर किती, आणि काहीही झालं नाही तर पैसे किती वेळात परत. कपडा देताना आणि घेताना तिच्या समोरच फोटो काढायचा, हेही लिहून ठेव. डागाचे निम्मे वाद तिथेच मिटतील.

कपड्याच्या माहितीत कंबर, उंची, घेर तर लिहीच, पण वजनही लिही. दाट आभले भरलेला घेरदार चणिया उचलून बघितल्याशिवाय त्याचा भार कळत नाही, आणि तीन तास गोल फिरणाऱ्या मुलीला तो नवव्या रात्री नक्की कळतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेव आणि आकडा टाक. घालणाऱ्या मैत्रिणीची उंची फोटोखाली लिही, तिची परवानगी घेऊन. एक फोटो दिवसाच्या उजेडातला, एक ट्यूबलाइटखालचा. झिजलेल्या काठाचाही फोटो टाक. हे सगळं करायला तुला आणि जाऊबाईंना दोन-तीन दुपारी लागतील, आणि तयार नमुने वापरणाऱ्या कोणालाही ते चोरता येणार नाही.

आता जाऊबाई. त्या थोरल्या आहेत, घरचा खर्च आणि बाजारातली चढाओढ त्या तुझ्याहून जास्त वर्षं बघत आल्यात. त्यांना टायमर आवडला याचं कारण बहुधा रिकाम्या महिन्यांची काळजी आहे, खोटं बोलायची हौस नाही. म्हणून ‘हे पाप आहे’ अशी सुरुवात करू नकोस. दुपारी चहाच्या वेळी सहज विचार, ‘वहिनी, गेल्या नवरात्रात कोणाकोणाशी डिपॉझिटवरून वाजलं, आठवतंय?’ त्यांना तुझ्याहून जास्त आठवेल. मग विचार, त्यातल्या किती जणी परत आल्या. तुमचा धंदा परत येणाऱ्या बायकांवर आणि त्यांनी पाठवलेल्या नणंदा-भाच्यांवर चालतो, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे. त्या जिथे बरोबर आहेत तिथे मोकळेपणाने हो म्हण : फोटो मोठे हवेत, बुकिंगचं बटण ठळक हवं, किंमत आधी दिसावी.

जाऊबाई म्हणतील, ‘महिनाभर दोन्ही करून बघू.’ तेव्हा एक लक्षात ठेव. महिन्याला वीस-पंचवीस बुकिंग असतील तर तीन-चारचा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. त्यावरून काही ठरवू नका. नुसती बुकिंग मोजण्यापेक्षा रद्द किती झाली, डिपॉझिटवरून वाद किती झाले आणि जुन्यांपैकी परत किती आल्या, हे वहीत वर्षभर लिहा.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. नाही म्हणणं मूर्खपणाचं नाही, पण फुकटही नाही. पहिल्या हंगामात काही मुली टायमर बघून दुसरीकडे बुक करतील. तेवढं नुकसान धरूनच चला.

त्या मुलाला हाताशी धर, रागावू नकोस. त्याला सांग की प्रत्येक कपड्याखाली तारखांचं कॅलेंडर हवं आणि ते तुमच्या बुकिंगला जोडलेलं हवं. अष्टमी गेली असेल तर अष्टमी लाल, नवमी रिकामी असेल तर हिरवी. मग ‘फक्त २ शिल्लक’ आपोआप खरंच असेल तेव्हा दिसेल, नसेल तेव्हा दिसणार नाही. गेलेल्या तारखेसाठी नाव नोंदवायची सोयही करून घे, रद्द झालं की पहिल्या मुलीला मेसेज जाईल. हुशार मुलाला खोटे ३४ दाखवण्यापेक्षा हे काम जास्त आवडेल.

जाऊबाईंचा जीव टायमरवरच असेल तर तो एका ठिकाणी ठेवता येईल. मुलीने कपडा निवडला आणि डिपॉझिट भरायचं राहिलंय, तेवढ्यात तो दुसरीने घेऊ नये म्हणून अर्धा तास तिच्यासाठी राखून ठेवा आणि तो अर्धा तास टायमरवर दाखवा. मात्र वेळ संपली की कपडा खरोखर दुसऱ्यांसाठी मोकळा झाला पाहिजे, आणि पान पुन्हा उघडलं तरी टायमर नव्याने सुरू होता कामा नये. हे त्या मुलाकडून तुझ्या आणि जाऊबाईंच्या दोन फोनांवर करून बघ, मगच त्याचे उरलेले पैसे दे.